दहा कोसांतला अभ्यासक्रम

27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि नाशकात तर घरचं कार्य असल्यासारखा. व्याख्यानं होतात, ग्रंथदिंड्या निघतात, शाळांच्या भिंतींवर कवितांचे तक्ते लागतात. बारावीची मुलं मात्र यात कुठेच दिसत नाहीत. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीत असते. 2025 साली ती 11 तारखेलाच सुरू झाली. प्रात्यक्षिकं जानेवारीच्या अखेरीस. त्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी वर्षभराचा साहित्याचा वर्ग आखायचा म्हटलं, तर ते ‘वर्ष’ जूनच्या मध्यावर सुरू होऊन मकर संक्रांतीला संपतं. सात महिने. त्यातून गणपती, सहामाही, दिवाळी, पूर्वपरीक्षा वजा करा. आठवड्याला एक बैठक धरली, तर जेमतेम चोवीस बैठका हाती राहतात. पुढचा सगळा विचार या चोवीस बैठकांचा आहे.

हा वर्ग एकलहऱ्यात व्हावा, असं मला वाटतं. नाशिकरोडहून पूर्वेला निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या गाव येण्याआधीच दिसू लागतात. गावकरी या सगळ्याला ‘थर्मल’ एवढंच म्हणतात. इथला पहिला संच 1970 साली सुरू झाला, दुसरा पुढच्या वर्षी. 1980 च्या आगेमागे 210 मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन आता कायमचे बंद झाले आहेत आणि त्यांच्या जागी यायचा 660 मेगावॅटचा संच अनेक वर्षं मागण्यांत आणि आश्वासनांतच आहे. वसाहत, कोळशाच्या वाघिणी आणि राख एका बाजूला. सामनगाव, कोटमगाव, हिंगणवेढे, जाखोरी या गावांतली द्राक्षं, ऊस, भाजीपाला दुसऱ्या बाजूला. इथली मुलं अकरावी-बारावीला बहुधा नाशिकरोडला जातात आणि संध्याकाळी परत येतात. साहित्याचा जादा वर्ग म्हटलं की तो शहरात, कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला असणार, असं त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. हे गृहीत मोडायचं, तर वर्ग त्यांच्या गावात हवा.

आधी आहे ते नीट पाहू. बारावीचं ‘युवकभारती’ हे पुस्तक टाकाऊ मुळीच नाही. त्यात एकनाथांचं भारूड आहे, सुरेश भट आहेत, हिरा बनसोडे आणि कल्पना दुधाळ आहेत. कथा या साहित्यप्रकाराची स्वतंत्र ओळख आहे. मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असं उपयोजित लेखनही आहे. 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांची तोंडी व अंतर्गत परीक्षा अशी मांडणी आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक, बारावी पार करणाऱ्या मुलाने शाळेसाठी म्हणून एकही मराठी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नसतं. उतारा, वेचा, संपादित अंश यांवरच बारा वर्षं निघून जातात. दोन, कृतिपत्रिकेतल्या स्वमताच्या प्रश्नाचं उत्तर गाइडमधून पाठ केलं जातं. स्वतःचं मत म्हणून दुसऱ्याचं मत घोकायचं, हे मुलांना खटकतही नाही, इतकं ते अंगवळणी पडलं आहे. मला हे गुणांच्या फुगवट्याहून जास्त गंभीर वाटतं. आणि विज्ञान शाखेतली बरीच मुलं माहिती तंत्रज्ञान घेऊन मराठी सोडूनच देतात. मराठी सक्तीचा 2020 चा कायदा दहावीपर्यंतच आहे. त्यापुढे घराबाहेर कुणी त्यांना मराठी वाच म्हणत नाही.

प्रगत साहित्याचा वर्ग म्हणजे जाड पुस्तकं आणि अवघड संज्ञा, अशी समजूत आपल्याकडे आहे. अमेरिकेतल्या हायस्कुलांत शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाचे वर्ग चालतात. त्यातल्या साहित्याच्या वर्गाची मांडणी मला शिकण्यासारखी वाटली. वर्षाचे नऊ घटक, पण साहित्यप्रकार तीनच: लघुकथा, कविता, आणि कादंबरी किंवा नाटक. प्रत्येक प्रकार वर्षात तीनदा येतो. पहिल्या फेरीत कोण बोलतंय आणि काय घडतंय एवढंच पाहायचं. दुसऱ्या फेरीत तेच डोळे जास्त खोल जातात. तिसऱ्या फेरीत मुलं स्वतः बाजू मांडतात. त्यांची पुस्तकं आपण घेऊ नयेत. फेऱ्यांची युक्ती मात्र जरूर घ्यावी, कारण चोवीस बैठकांत प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन अशी कालक्रमाने वरात काढली तर दिवाळीपर्यंत आपण पंतकवींत असतो आणि नारायण सुर्व्यांपर्यंत पोचायच्या आत परीक्षा येते. महाविद्यालयांत हे अनेकदा झालं आहे.

मग वाचायचं काय? मी एक अट घातली: मुख्य पुस्तकं एकलहऱ्यापासून दहा-बारा कोसांतली असावीत. इथे जन्मलेल्या, राहिलेल्या माणसांची किंवा इथल्या नदीवरची. नाशिकच्या अभिमानासाठी ही अट नाही. मुलाला पुस्तकातली जागा माहीत असली, की तो पुस्तकाशी भांडू शकतो. ‘असं नसतं हो सर, आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ हे वाक्य वर्गात उमटलं की वाचन सुरू झालं असं समजावं.

पहिली बैठक एका गाथेची. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा प्राकृत कवितांचा संग्रह. एकेक गाथा दोन ओळींची. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली त्याची मराठी आवृत्ती केली. त्यात गोदावरीचे काठ पुन्हा पुन्हा येतात: पूर, तागाची शेतं, कापूस, झाडीत होणाऱ्या भेटी. त्यातल्या एका गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते, की बाबा, आता खुशाल फिर; तुला त्रास देणारं ते कुत्रं गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने आज मारून टाकलं. शब्दांत निमंत्रण आहे. अर्थ मात्र असा, की इकडे फिरकू नकोस. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या जाळीकडे कसा जाईल? जाळीत कुणीतरी तिची वाट पाहत असतं आणि फुलं तोडायला येणारा हा गृहस्थ नेमका आड येतो. नवव्या शतकात काश्मिरात बसून आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हीच गाथा घेतली आणि उच्चारलेल्या अर्थाच्या नेमका उलटा अर्थ कविता कशी सुचवते, ते दाखवलं. ध्वनीच्या, म्हणजे सुचवलेल्या अर्थाच्या, सिद्धान्ताचं हे गाजलेलं उदाहरण गोदावरीच्या काठावरचं आहे, हे इथल्या किती मुलांना कुणी सांगितलं असेल? हिंगणवेढे, सामनगावच्या मुलांना जाळीतल्या जनावराची भीती समजावून द्यावी लागणार नाही. दारणेच्या आणि गोदेच्या काठच्या उसात बिबट्या असतो, हे त्यांना पाळण्यापासून माहीत आहे.

या बैठकीत ‘ध्वनी’ हा शब्द पहिला पाऊण तास उच्चारायचा नाही. बाई कोण, ती कुणाशी बोलते, आणि तिला नक्की काय हवं आहे, एवढेच प्रश्न. संज्ञा शेवटी, मुलांना तिची गरज भासल्यावर. निवड मात्र जपून करावी लागेल. या संग्रहात शृंगार भरपूर आहे. सतरा वर्षांच्या मुलांपुढे तो मोकळेपणाने येऊ शकतो, पण शिक्षकच अवघडला तर वर्ग खिदळण्यात जाईल.

पुढची बैठक पांडवलेण्यांत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी गेलेला. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी ही आई हे लेणं भिक्षूंना दान देते आणि मुलाचं वर्णन कोरवून घेते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, हे त्यातलंच. इतिहासाच्या पुस्तकात हा लेख सातवाहनांच्या विस्ताराचा पुरावा म्हणून येतो. साहित्याच्या वर्गात तो गेलेल्या मुलाबद्दल एका आईने मांडलेला मजकूर म्हणून वाचायचा. अतिशयोक्ती कुठे आहे, कुणासाठी आहे, आणि स्वतःबद्दल ती किती थोडं सांगते? पायऱ्या चढून, दगडावर हात ठेवून हे वाचलेलं मूल निवेदक म्हणजे काय हे विसरणार नाही.

वर्गाचा गाभा पुढे येतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सहा बैठका मी दोन पुस्तकांसाठी राखून ठेवल्या आहेत आणि वेळ कमी पडला तर बाकी सगळं कापावं, या सहा नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. लग्न अकराव्या वर्षाच्या सुमारास, नारायण वामन टिळकांशी. शाळा नाही; वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला; त्या मागे राहिल्या, आणि पाच वर्षांनी स्वतःच्या विचाराने त्यांनीही धर्म बदलला. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागांनी प्रसिद्ध झालं. 1936 साली त्या गेल्या. पुस्तकाच्या सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचं चित्र येतं. बाजारातून आलेल्या जिन्नसांनाही धुण्यातून सुटका नाही, घरातली बाई त्या धुण्याखाली पिचून गेलेली. आणि हे सगळं लक्ष्मीबाई अशा सुरात सांगतात, की वाचणारा आधी हसतो आणि मग हसल्याबद्दल ओशाळतो. हा सूर कसा साधला, यावर एक पूर्ण बैठक खर्च करावी. वाक्यं मोजावीत, विशेषणं शोधावीत. बहुतेक जागी विशेषणं सापडणार नाहीत.

बाबुराव बागूल 1930 साली विहितगावात जन्मले. विहितगाव नाशिकरोडला लागूनच. एकलहऱ्याच्या मुलांच्या रोजच्या टापूतलं. त्याच वर्षी 2 मार्चला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. लहानपणीच बागूल मुंबईला, माटुंगा लेबर कॅम्पात गेले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 चा, ‘मरण स्वस्त होत आहे’ 1969 चा. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशकात होते आणि 2008 साली इथेच गेले. पहिल्या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परमुलखात खोली मिळावी म्हणून जात लपवतो. तिथेच जात न लपवणारा, ताठ उभा राहणारा दुसरा कामगार आहे. कथा या दोघांमध्ये ताणलेली आहे. बागुलांची भाषा लक्ष्मीबाईंच्या अगदी उलट: विशेषणांचा भडिमार, वाक्यं पेटलेली, थांबायला जागाच नाही.

ही दोन पुस्तकं एकत्र ठेवली की काय होतं? सोवळ्याला दोन्ही बाजूंनी बघता येतं. जलालपूरच्या घरात ज्याचा स्पर्श टाळण्यासाठी सगळा खटाटोप चालला आहे, तो माणूस ‘स्मृतिचित्रे’त घराबाहेर आहे. बागुलांच्या कथेत तोच ‘मी’ म्हणून बोलतो. एका नदीच्या खोऱ्यातल्या, एका शतकाच्या आत लिहिल्या-जगल्या गेलेल्या या दोन जिण्यांमध्ये जे अंतर आहे, ते कोणत्याही समाजशास्त्राच्या टिपणात मुलांना इतकं स्पष्ट दिसणार नाही. पहिला दीर्घ निबंध याच जोडीवर: एकीला हसून सांगता आलं आणि दुसऱ्याला का नाही? या प्रश्नाचं तयार उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

इथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. वर्गात सगळ्या जातींची मुलं असणार, एकाच गावातली, एकमेकांचं घर ओळखणारी. बागुलांची कथा वाचताना कुणाच्याही आडनावाकडे नजर जाता कामा नये आणि कुणाला ‘तुमचा अनुभव सांगा’ असं उभं करता कामा नये. चर्चा कथेतल्या माणसांची. ज्याला स्वतःचं बोलायचं असेल तो आपण होऊन बोलेल, किंवा वहीत लिहील. ती वही शिक्षकापलीकडे जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

ऑक्टोबरमध्ये वर्ग हलका ठेवावा लागेल. द्राक्षाची गोडी छाटणी म्हणजे घरातल्या प्रत्येक हाताला काम. त्यानंतर घड औषधात बुडवण्याची, डिपिंगची घाई. शेतकऱ्याच्या मुलामुलींकडून त्या दिवसांत पुस्तक वाचून येण्याची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. म्हणून त्या बैठका ऐकण्याच्या. वामनदादा कर्डक 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. तरुणपणापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. मुंबईत कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि वाचता येईना, ती बोच लागून ते शिकले. पुढे आयुष्यभर त्यांनी गाणी लिहिली आणि गावोगाव गायिली. लक्ष्मीबाई आणि वामनदादा, दोघंही उशिरा साक्षर झालेली. हे मुलांना मुद्दाम सांगायला हवं, कारण आपलं मराठी ‘शुद्ध’ नाही म्हणून लिहायला बिचकणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. वामनदादांची गाणी आजही गाणारे गायक जिल्ह्यात आहेत. एकाला बोलवावं, दोन तास ऐकावं आणि मग विचारावं: कागदावर वाचताना काय हरवलं?

दिवाळीनंतर नाटक, कुसुमाग्रजांचं. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 रोजी झाला, एकलहऱ्यात पहिला संच सुरू झाला त्याच वर्षी. हे नाटक मुलांना सिनेमामुळे आणि स्वगतांमुळे माहीत असतं. स्पर्धेत स्वगत म्हणून बक्षीस मिळवलेलं कुणीतरी वर्गात हमखास निघेल. म्हणून स्वगतं शेवटी ठेवावीत. आधी सगळं नाटक भूमिका वाटून मोठ्याने वाचायचं, तीन बैठका. मग ‘किंग लिअर’चा पहिला प्रवेश, विंदा करंदीकरांच्या 1974 च्या मराठी अनुवादातून. लिअरला तीन मुली, त्यांतली धाकटी खरं बोलते म्हणून हाकलली जाते. त्याची राणी नाटकात नाहीच. कुसुमाग्रजांनी धाकटी मुलगी काढून टाकली, एक मुलगा आणि एक मुलगी ठेवली आणि म्हाताऱ्याला, आप्पासाहेबांना, बायको दिली, कावेरी. हा बदल का केला असेल? आप्पासाहेबांच्या मोठमोठ्या बोलण्यासमोर कावेरी थोडं बोलते. पण वाटणीबद्दलचा शहाणपणा कुणाकडे आहे, हे मुलांनी संवाद धुंडाळून ठरवावं. वाटणी, सातबाऱ्यावरची नावं, म्हाताऱ्यांची पाळीपाळीने सोय: या परिसरात हे प्रत्येक घराने पाहिलं आहे. या नाटकावर सतरा वर्षांच्या मुलीकडे सांगण्यासारखं काही नसेल, हे मला पटत नाही.

नाटककार कानेटकर या यादीत का नाहीत, असं नाशिककर विचारतील. हंप्राठा महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ इथेच घडलं. उत्तर एवढंच, की चोवीस बैठकांत एकच नाटक नीट वाचून होतं.

आता व्यवहाराचं. बैठक रविवारी, पण सकाळी नाही. सीईटी आणि नीटच्या सराव परीक्षा रविवारी सकाळीच असतात. संध्याकाळी पाच ते सात, आणि थंडीत चार ते सहा, कारण अंधार पडायच्या आत मुलींना घरी पोचायचं असतं. ही एक गोष्ट चुकली तर वर्ग नोव्हेंबरात निम्मा होईल. पंधरा मुलं पुरेत. पुस्तकांसाठी नाशकात घरचीच सोय आहे: कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी 2009 साली सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोचवायच्या आणि आपसांत फिरवायच्या, अशी तिची रीत. अशी एक पेटी वर्गाजवळ राहिली, तर अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज मुलांच्या हाताला काहीतरी लागेल. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय शहरात आहेच. तिथे वर्षातून एकदा तरी मुलांना न्यावं. अभ्यासाच्या पुस्तकांच्या प्रती मात्र प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या हव्यात. पेन्सिलीने खुणा करता येत नसतील तर बारकाईने वाचायचं कसं?

‘याचे मार्क किती?’ हा पालकांचा प्रश्न येणारच. खरं उत्तर द्यावं: शून्य. कुठल्याही प्रवेशाला याचा उपयोग नाही. मराठी घेतलेल्या मुलांना तोंडी परीक्षेत, प्रकल्पात, रसग्रहणाच्या प्रश्नात फायदा होईल, पण तो सांगून वर्ग विकू नये. फायद्यासाठी आलेलं मूल फायदा संपला की जातं. गळतीही धरून चालावी. डिसेंबरात काही मुलं येईनाशी होतील. म्हणून प्रत्येक बैठक स्वतंत्र उभी राहील अशी हवी. महिनाभर चुकलेल्या मुलालाही त्या संध्याकाळी काहीतरी पुरतं मिळालं पाहिजे.

लेखन तीनच मोठी. एका गाथेचं दोन पानी रसग्रहण, लक्ष्मीबाई-बागूल निबंध, आणि तिसरं थर्मलवरचं. पाठ्यपुस्तकात मुलाखत आणि वृत्तलेख आहेतच, त्यांचा इथे खरा उपयोग. बंद झालेल्या पहिल्या दोन संचांवर काम केलेली माणसं वसाहतीत आणि नाशिकरोडला भेटतील. पाळीचा भोंगा, राखेचे दिवस, कंत्राटी कामगाराचं आणि कायम कामगाराचं वेगळं जेवणघर की एकच, जमीन दिलेल्या घरातल्या कुणाला नोकरी लागली आणि कुणाला नाही: हे विचारून, टिपून, शब्दांत बसवायचं. लक्ष्मीबाईंचा सूर घ्यायचा की बागुलांचा, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं आणि का ते खाली चार ओळींत सांगायचं. प्रत्येक लेखन दोनदा. पहिल्या खर्ड्यावर शिक्षकाने गुण द्यायचे नाहीत, फक्त प्रश्न लिहायचे; पंधरा मुलांचे पंधरा खर्डे असे वाचायला एक अख्खी सुट्टी जाते आणि ती द्यायची तयारी असेल त्यानेच हा वर्ग घ्यावा.

यादीतली शेवटची जागा मी रिकामी ठेवली आहे. जानेवारीतल्या अखेरच्या दोन बैठकांत काय वाचायचं ते मुलं ठरवतील. अट इतकीच, की पुस्तक मराठीत हवं, सुचवणाऱ्याने ते पूर्ण वाचलेलं हवं, आणि बाकीच्यांनी ते का वाचावं हे त्याने पाच मिनिटं उभं राहून सांगायला हवं. कदाचित ती रहस्यकथा निघेल, एखाद्या यूट्यूबवरच्या वक्त्याचं पुस्तक निघेल, किंवा आतापर्यंत शिक्षकाने नावही न ऐकलेली कादंबरी. जे निवडलं जाईल ते शिक्षकाने संक्रांतीच्या आत वाचून, खुणा करून, तयार होऊन यायचं.